चौकावरच्या स्कायलाइटचा खर्च: तीन अंदाजपत्रकं, आणि तिन्हींत नसलेला सांधा

प्रश्न: इंदूरला लोकमान्य नगरात आमचं दुमजली घर आहे, सासऱ्यांनी १९८४ साली बांधलेलं. मधल्या चौकावर गच्चीच्या स्लॅबमध्ये ६ बाय ८ फुटांची मोकळी जागा आहे. तिच्यात लोखंडी सळयांचा जाल आहे आणि त्याच्या वर अँगलच्या चौकटीत तारेची काच. मधल्या खोल्यांना सगळा उजेड तिथूनच येतो. दोन पावसाळे झाले, चारही कडांनी पाणी झिरपतंय. दोन काचा तडकल्या आहेत आणि अँगलला हात लावला की गंजाचे पापुद्रे निघतात. तिघांकडून अंदाज घेतला. पहिला म्हणतो, तडकलेल्या काचा बदलून सगळीकडे सिलिकॉन मारून देतो, १४,००० रुपये. दुसरा नवी चौकट आणि पॉलिकार्बोनेट शीट लावणार, ४२,००० रुपये. शीट १२० रुपये फूट आणि लोखंड १३० रुपये किलो, एवढंच त्याने लिहिलंय. तिसऱ्याची टफन लॅमिनेटेड काच: ६३ चौरस फूट ४८० रुपयांच्या भावाने, ‘स्ट्रक्चर लमसम’ ४५,०००, फिटिंग आणि सिलिकॉन १५,०००, तोडफोड ५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१२,३८३ रुपये. एकाच कामाचे आकडे इतके वेगळे कसे? काम कुणाला द्यावं? आमचे हे तर म्हणतात, स्लॅब टाकून ते भोक बंदच करून टाकू.

उत्तर: ताई, ही तीन वेगवेगळ्या कामांची अंदाजपत्रकं आहेत, म्हणून आकडे जुळत नाहीत. पहिल्यात फक्त काच बदलते, दुसऱ्यात शीट आणि चौकट, तिसऱ्यात भारी काच आणि चौकट. पण ‘चारही कडांनी झिरपतंय’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून पाणी चौकट आणि स्लॅब यांच्यामधल्या सांध्यातून येत असणार. तो सांधा तिघांपैकी एकानेही कागदावर घेतलेला नाही. तो तसाच ठेवून वर लाखाची काच बसवली तरी जुलैत चौकात बादल्या मांडाव्या लागतील.

आधी खात्री करून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. कोरड्या दिवशी एकाने गच्चीवर पाइप घेऊन जायचं आणि एकाने खाली चौकात उभं राहायचं. पहिली वीस मिनिटं पाणी फक्त गच्चीच्या फरशीवर, चौकटीपासून फूटभर अंतरावर सोडा. चौकटीला लागू देऊ नका. मग वीस मिनिटं चौकटीच्या बुडाशी. सगळ्यात शेवटी काचेच्या सांध्यांवर. खाली थेंब कधी आणि कुठे आला, ते खडूने जागेवरच लिहा. पहिल्या फेरीतच आला तर गच्चीचा कोबा (स्लॅबवरचा उताराचा थर) मुरलाय. दुसऱ्या फेरीत आला तर बुडाचा सांधा. तिसऱ्या फेरीत आला तरच दोष काचेच्या पुटीचा. हा क्रम उलटा करू नका. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. थंडीत पहाटे चौकटीखाली दिसणारे थेंब मात्र गळतीचे नसतात. स्वयंपाकघरातली वाफ थंड लोखंडाला लागून ते तयार होतात.

जुनी रचना का बिघडली, तेही सांगतो, कारण नव्या कामात तेच टाळायचं आहे. त्या काळी अँगलची चौकट थेट स्लॅबवर ठेवून कडेने सिमेंटचा मसाला भरायची पद्धत होती. लोखंड उन्हात वाढतं, रात्री आकसतं; मसाला तसा हलत नाही, म्हणून दोहोंमध्ये केसाएवढी फट पडते. पाणी तिथे शिरून थांबतं, लोखंड गंजून फुगतं आणि फट आणखी उघडते. तारेच्या काचेचंही तसंच. कापलेल्या कडेला तारेची टोकं उघडी राहतात, ती गंजून फुगतात आणि काच कडेकडून तडकत जाते. आत तार आहे म्हणून ती मजबूत, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती कमकुवत असते. तार फक्त फुटलेले तुकडे धरून ठेवते. म्हणून दोनच काचा बदलणं हा १४,००० रुपयांचा तात्पुरता उपाय आहे. गंजलेल्या अँगलवर सिलिकॉन धरत नाही, पापुद्र्यासकट सुटून येतं. हा पर्याय सोडून द्या.

आता खरं काम: कर्ब, म्हणजे मोकळ्या जागेच्या चारही बाजूंना बांधलेली बुटकी भिंत. आधी मोकळ्या जागेभोवती फूटभर रुंदीचा कोबा खोदून स्लॅब उघडा करायचा. कडेच्या काँक्रीटवर हातोडीने ठोकून बघायचं. पोकळ आवाज आला तर आतल्या सळया गंजून काँक्रीट सुटलंय. ते काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, तिला गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यावं लागतं. हा खर्च उघडून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्याचा फुटाचा भाव कामाआधीच लिहून घ्या. नाहीतर काम अर्धवट असताना सांगितला जाईल तो आकडा मान्य करावा लागतो.

उघड्या स्लॅबवर साडेचार इंची विटांचे तीन थर लावायचे. तुमच्या मापाला फुटतूट धरून ११५ ते १२० विटा पुरतात. विटांवर ३ इंचांचा काँक्रीटचा पट्टा, आत ८ मिलिमीटरच्या दोन सळया; त्याला सिमेंटचं एक पोतं पुरतं. हा पट्टा अजिबात गाळू नका. चौकटीचे बोल्ट विटेत पकडत नाहीत, आणि वळवाच्या वाऱ्यात चौकट वर उचलली जाते तेव्हा तिला तोच धरून ठेवतो. कोबा पुन्हा भरल्यावर गच्चीच्या वर कर्ब किमान ९ इंच दिसला पाहिजे. मग कर्ब आणि स्लॅबच्या कोपऱ्यात मसाल्याचा गोळा मारायचा, म्हणजे काटकोन राहत नाही. त्यावर पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि मध्ये फायबरची जाळी. हा थर स्लॅबवर फूटभर पसरलेला आणि कर्बवर वरपर्यंत चढलेला हवा. गोळ्यापाशीच थांबवला तर पाणी त्याच्या मागून उतरतं.

बांधकामाला सात दिवस पाणी मारा. वॉटरप्रूफिंग वाळल्यावर कर्बभोवती मातीचा बांध घालून ४८ तास पाणी उभं ठेवा. खाली ओल दिसली नाही, तरच कोबा भरायचा. ही चाचणी झाल्याशिवाय चौकट वर चढवू देऊ नका. चौकट बसल्यावर त्या जागी हात पोचत नाही.

तुमचं घर १९८४ चं आहे, म्हणजे छत बहुधा आरसीसीचं असेल. पण वाचकांपैकी ज्यांची घरं राजवाडा किंवा मल्हारगंजच्या जुन्या वस्तीत आहेत आणि छत गर्डर-फर्शीचं आहे, त्यांनी फर्शीच्या कडेला ड्रिल मारू देऊ नये. दगड कडेपासून फुटतो. तिथे कर्बचा भार गर्डरवर येईल अशी रचना करावी लागते आणि त्यासाठी इंजिनियर बोलवावा.

चौकटीकडे वळू. तिसऱ्या अंदाजपत्रकात माझा आक्षेप ‘लमसम’ या शब्दाला आहे. लोखंडाचं काम नेहमी वजनावर ठरवायचं. तुमच्या कर्बचं बाहेरचं माप पावणेसात बाय पावणेनऊ फूट होईल. काच दीड-दीड इंच बाहेर काढली की ७ बाय ९, म्हणजे ६३ चौरस फूट. हे माप तिसऱ्याने बरोबर धरलंय. कडेने ५० बाय ५० मिलिमीटरचा ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, मीटरला सव्वाचार किलो, सुमारे पावणेदहा मीटर. मध्ये ८० बाय ४० च्या ३ मिलिमीटरच्या तीन पट्ट्या, मीटरला साधारण सव्वापाच किलो, प्रत्येकी सव्वादोन मीटरच्या आत. त्यात उतारासाठीचे पाय आणि बोल्टच्या प्लेटी धरल्या तर सगळं मिळून १०० ते ११० किलो. १३० रुपये किलोने हे १४,३०० रुपये झाले. प्राइमर, रंग आणि गच्चीवरच्या वेल्डिंगचे वेगळे ५,००० धरले तरी १९,३०० होतात, ४५,००० होत नाहीत. उरलेल्या २५,७०० रुपयांत कर्ब आणि वॉटरप्रूफिंग धरलं असेल तर तसं लिहून द्यायला सांगा. नसेल तर वजनाचा हिशोब मागा.

रंगाबद्दल एक मुद्दा आहे. नुसता रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट गच्चीवर फार टिकत नाही. वेल्डिंगच्या जागा ग्राइंडरने साफ करून झिंकयुक्त प्राइमर आणि त्यावर इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात द्या. पाइपची उघडी तोंडं बुच लावून वेल्ड करून बंद करा. आत पाणी गेलं की पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. बोल्ट १० मिलिमीटरचे, ३०४ स्टेनलेसचे, साधारण दर तीन फुटांवर एक.

उतार ७ फुटांत १ फूट ठेवा, म्हणजे साधारण आठ अंश. सपाट काचेवर धूळ आणि पाणी साचतं आणि सिलिकॉन सतत पाण्यात राहतं. उंच बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा, कारण इंदुरात पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्या उंच बाजूच्या फूटभर उंचीत काच किंवा पत्रा न लावता तिरप्या पट्ट्यांचं लुव्हर आणि मच्छरजाळी बसवा. तिघांच्याही कागदात हे नाही. पण चौक मुळात गरम हवा वर निघून जावी म्हणूनही असतो. तो वरून गच्च बंद केला तर घराची भट्टी होईल.

उन्हाचा हिशोब ऐका. इंदूर २२.७ अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं, म्हणून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. मेच्या भर दुपारी आडव्या पृष्ठावर चौरस मीटरला सुमारे ९५० वॅट ऊन पडतं. तुमची मोकळी जागा साडेचार चौरस मीटरची. साध्या पारदर्शक काचेतून त्यातले ऐंशी टक्के आत येतात, म्हणजे जवळपास साडेतीन किलोवॅट. एक टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर काढतो, तेवढी. म्हणून पारदर्शक काच घेऊ नका. लॅमिनेटेड काचेत दुधी रंगाची फिल्म मिळते, तिने उजेड पसरतो आणि चौकात उन्हाचा चौकोन पडत नाही. याशिवाय मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत काचेच्या वर फूटभर अंतरावर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणून बांधा. खर्च काही शे रुपयांचा. आतून पडदा लावण्यापेक्षा ती कितीतरी उपयोगी, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडतं.

काच घ्यायची तर लॅमिनेटेडच. डोक्यावर नुसती १२ मिलिमीटरची टफन (तापवून कडक केलेली) काच बसवायला कुणीही सांगितलं, ‘ही फुटली तरी बारीक तुकडे होतात’ असं म्हटलं, तरी ऐकू नका. टफन काचेत क्वचित निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून जातो, तो हळूहळू फुगतो आणि काच कोणी हातही न लावता एके दिवशी फुटते. तुकडे बारीक होतात हे खरं, पण त्यांचे जड गठ्ठे खाली पडतात, आणि खाली तुमच्या घरातली माणसं असतात. लॅमिनेटेडमध्ये ६ मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये १.५२ मिलिमीटरची पीव्हीबी फिल्म असते, एकूण साडेतेरा मिलिमीटर. एक काच फुटली तर तुकडे फिल्मला चिकटून राहतात. काच आली की कोपऱ्यातला पुसला न जाणारा शिक्का बघा. आयएस २५५३ चा आयएसआय मार्क हवा. शक्य असेल तर हीट-सोक केलेली मागा: काच भट्टीत पुन्हा तापवून ज्यांत दोष आहे त्या तिथेच फुटू देतात.

वजनही लक्षात घ्या. काच मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. तुमच्या ६३ चौरस फुटांचं, फिल्मसकट, सुमारे १८५ किलो. म्हणून एक सलग काच न घेता सव्वादोन बाय सात फुटांच्या चार काचा घ्या. एक काच ४६ किलोंची, तीन माणसं ती नीट चढवू शकतात. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, एक मिलिमीटरसुद्धा. म्हणून चौकट बसवून झाल्यावरच माप घ्यायचं, आधी नाही. दोन्ही कर्ण मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट आधी सरळ करा. काच चारही बाजूंनी किमान १५ मिलिमीटर लोखंडावर टेकली पाहिजे, मध्ये ईपीडीएम रबराची पट्टी पाहिजे, काचेला लोखंड लागता कामा नये. दोन काचांमध्ये ८ मिलिमीटरची फट सोडून तिच्यात आधी फोमची दोरी आणि वर न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त पडतं, पण ते लोखंड गंजवतं, सिमेंटवर धरत नाही आणि लॅमिनेशनच्या कडा पांढऱ्या करतं. नळी उघडून वास घेतला की लगेच कळतं. तुमच्या सगळ्या सांध्यांची लांबी १६ मीटरच्या आसपास आहे. ८ बाय ६ मिलिमीटरच्या सांध्याला ३०० मिलिलिटरची एक नळी सहा मीटर पुरते, म्हणून तीन नळ्या, वाया जाणाऱ्या धरून पाच. एक नळी ४०० रुपयांना धरली तरी २,०००. रबर, दोरी मिळून ५,००० होतात आणि काचा चढवून बसवायची मजुरी ८,०००. म्हणजे तिसऱ्याच्या ‘फिटिंग आणि सिलिकॉन १५,०००’ मध्ये फार गैर काही नाही, दोन हजार कमी होऊ शकतात.

पॉलिकार्बोनेटला मी कमी लेखत नाही. १० मिलिमीटरची पोकळ पन्हळीची शीट चौरस मीटरला जेमतेम १.७ किलो भरते, उष्णता साध्या काचेपेक्षा कमी आत घेते आणि गारपिटीत फुटून डोक्यावर पडत नाही. तिचे दोष वेगळे: पावसात ती वाजते, काही वर्षांनी अंधूक होते, तिच्यावर पाय देता येत नाही. लावताना चार चुका होतात आणि दुसऱ्या ठेकेदाराकडून त्या लिहून घेऊन टाळायच्या आहेत. शीटच्या एकाच बाजूला यूव्हीचा (उन्हातले अतिनील किरण अडवणारा) थर असतो आणि ती बाजू वर हवी. फिल्मवर तसं छापलेलं असतं, पण फिल्म आधीच सोलून टाकली तर ओळखता येत नाही आणि उलटी लागलेली शीट दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते. पोकळ नळ्या उताराच्या दिशेने हव्यात. वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद आणि खालचं हवा जाणाऱ्या टेपने. दोन्ही उघडी सोडली तर आत शेवाळ आणि मुंग्या, दोन्ही गच्च बंद केली तर आत घाम. आणि स्क्रूची भोकं. ही शीट मीटरमागे प्रत्येक अंशाला ०.०६५ मिलिमीटर वाढते. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत तिच्या तापमानात ५०-५५ अंशांचा फरक पडतो, त्यामुळे तुमची सात फुटांची शीट सात-आठ मिलिमीटर लांब-आखूड होईल. भोक स्क्रूएवढंच असेल तर ती रोज संध्याकाळी कडकड वाजेल आणि शेवटी भोकापासून चिरेल. स्क्रूने भोसकण्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या ग्लेझिंग पट्टीत ती सैल धरणं चांगलं.

तिथे एक खर्च तुम्हाला अन्यायाचा वाटेल, पण तो तसा नाही. या शीटची रुंदी साधारण सात फुटांची येते. तुमच्या नऊ फुटांना दोन तुकडे लागतात, म्हणून बिल ६३ चं न येता ९८ चौरस फुटांचं येईल. उरलेल्या तुकड्यातून चौकटीच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण कापून घ्या. फायबरचा पतरा स्वस्त म्हणून कुणी सुचवला तर नको म्हणा. वरचा थर झिजला की काचतंतू उघडे पडतात, त्यांत धूळ बसते आणि उजेड निम्मा होतो.

आता सगळी बेरीज, तुमच्याच पत्रातल्या भावांनी. तोडफोड, ताडपत्री आणि मलबा ५,०००. कर्ब, काँक्रीट पट्टा आणि वॉटरप्रूफिंग १२,०००. काचेचं वजन पेलेल अशी चौकट, रंगासकट १९,३००. लुव्हर आणि जाळी ४,०००. इथपर्यंत ४०,३०० रुपये, आणि हा भाग दोन्ही पर्यायांत सारखा आहे. पुढे पॉलिकार्बोनेट घेतलं तर शीट ११,७६० आणि पट्ट्या, टेप, स्क्रू ६,०००, एकूण ५८,०६०. काच घेतली तर काच ३०,२४०, रबर-सिलिकॉन ५,०००, बसवणं ८,०००, एकूण ८३,५४०. पक्क्या बिलावर जीएसटी धरून अनुक्रमे ६८,५११ आणि ९८,५७७. स्लॅबची दुरुस्ती निघाली तर ती वेगळी. बिलावर जीएसटी नंबर छापलेला नसेल तर १८ टक्के मागायचा ठेकेदाराला अधिकार नाही, हेही बघून घ्या.

म्हणजे तिसऱ्याच्या आकड्याच्या आत, जवळजवळ चौदा हजार कमी पैशांत, कर्ब आणि लुव्हरसकट काचेचं पूर्ण काम बसतं. लाखभर रुपये काढता येत असतील तर मी काचच सुचवेन, आणि तिसऱ्यालाच वजनाच्या हिशोबाने नवं अंदाजपत्रक करायला लावेन. त्याची मापं बरोबर आहेत. पैशांची ओढाताण असेल तर दुसऱ्याकडून पॉलिकार्बोनेट करून घ्या, पण चौकट आत्ताच काचेच्या वजनाची बनवा. हलक्या चौकटीला ५५ किलोच्या आसपास लोखंड लागतं, जड चौकटीला ११०. फरक सात हजारांचा. शीट अंधूक होईल तेव्हा त्याच चौकटीवर काच चढवता येईल, कर्ब आणि लोखंडाला पुन्हा पैसे लागणार नाहीत. दुसऱ्याला एवढं मात्र विचारा की ४२,००० पैकी शीट आणि हलकी चौकट मिळून १९,००० च्या आत होतात, तर उरलेल्या २३,००० मध्ये काय काय धरलंय.

स्लॅब टाकून बंद करण्याबद्दल: चार इंची स्लॅब चौरस मीटरला २५० किलो भरतो, म्हणजे त्या जागेत सव्वाअकरा क्विंटलचा भार, तोही गंजाची शंका असलेल्या जुन्या कडेवर. इंजिनियरने बघितल्याशिवाय हे करू नये, आणि केलं तरी मधल्या खोल्यांत दिवसा दिवे लावावे लागतील. माझं मत स्पष्ट विरोधात आहे.

स्लॅबमधला जुना जाल चांगला असेल तर अजिबात काढू नका. ‘भंगारात देतो, तेवढे पैसे कमी करतो’ असं सांगितलं जाईल. पण काम चालू असताना त्यावर प्लायवुड टाकलं की वरून माणूस किंवा अवजार खाली पडत नाही, पुढे चोरापासून तोच राखतो, आणि काच कधी फुटलीच तर गठ्ठा त्यावर अडतो. घासून, प्राइमर मारून रंगवा.

वेळेचं गणित असं. बांधकाम आणि पाणी मारणं दहा दिवस, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी पाच दिवस, चौकट आणि रंग चार-पाच दिवस, त्यानंतर माप आणि टफन काच येण्यात आठ-दहा दिवस. एकूण महिना. इंदुरात पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात येतो, पण वळवाच्या सरी त्याआधीच कोसळतात. भगोरिया (होळीआधीचा आदिवासी मेळा) आटोपून झाबुआ-अलीराजपूरचे मजूर परतले की लगेच माणसं ठरवा, अक्षय्य तृतीयेच्या पुढे काम ढकलू नका.

पैसे चार हप्त्यांत द्या. काम सुरू होताना ३० टक्के. ४८ तासांची पाण्याची चाचणी पास झाल्यावर ३०. काच किंवा शीट बसल्यावर ३०. शेवटचे १० टक्के जुलैत, सलग दोन दिवस झड लागून गेल्यावर आणि खाली कोरडं राहिल्यावर. करारात लोखंडाचं वजन, पाइपची जाडी, काचेचा प्रकार आणि शिक्का, सिलिकॉनचा प्रकार, कर्बची उंची आणि वॉटरप्रूफिंगचे हात, हे सगळं लिहून घ्या. लोखंड आलं की गच्चीवर चढवण्याआधी वजनकाट्याची पावती मागा आणि पाइपची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या. ३ मिलिमीटर लिहून २ चा पाइप लावण्याची चलाखी याच टप्प्यावर पकडता येते. रंग लागल्यावर पकडता येत नाही.